चारही बांध मोजले तरी शेत किती गुंठे ते का कळत नाही? अपुऱ्या माहितीचं उदाहरण ओळखायचं कसं

चौकोनी शेताचे चारही बांध टेपने मोजले. प्रत्येक बांध ५० मीटर भरला. शेत किती गुंठे?

बहुतेक जण ५० गुणिले ५० करतात, २,५०० चौरस मीटरला १०१.१७ ने भागतात आणि २४.७ गुंठे सांगून मोकळे होतात. गुणाकार बरोबर, भागाकारही बरोबर. चूक त्याच्या आधीच झालेली असते. बांध सारखे आहेत म्हणून कोपरे काटकोनात आहेत, हे कुणी सांगितलं? तेच चार बांध जरा तिरके करून पाहा. समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली अंतरं ६० आणि ८० मीटर झाली, तर क्षेत्र २,४०० चौरस मीटर, म्हणजे २३.७ गुंठे. आणखी दाबून ती २८ आणि ९६ मीटर केली, तर क्षेत्र उरतं १,३४४ चौरस मीटर, जेमतेम १३.३ गुंठे. बांधांची लांबी बोटभरही बदलली नाही आणि शेत जवळजवळ निम्मं झालं.

भास्कराचार्यांना या प्रश्नाचा भलताच राग होता. ११५० च्या सुमाराला लिहिलेल्या ‘लीलावती’त ते म्हणतात की, लंब किंवा कर्ण यांतलं एकही न सांगता जो चौकोनाचं ठाम क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो ते सांगतो तो त्याहून मोठा पिशाच्च. चूक विचारणाऱ्याची असली, तरी उत्तर देणारा सुटत नाही.

आठवी ते दहावीची मुलं, त्यांना घरी शिकवणारे पालक आणि सांगली-मिरजेच्या अभ्यासिकांत बँकेच्या परीक्षांची तयारी करणारे, या सगळ्यांना हा प्रकार कधी ना कधी गाठतोच. उदाहरण सुटत नाही तेव्हा ‘मला येत नाही’ आणि ‘हे येणारच नाही’ यांतलं नेमकं काय खरं, ते ठरवण्याची रीत पुढे दिली आहे. ‘माहिती अपुरी आहे’ हेसुद्धा एक गणिती विधान आहे. ते सिद्ध करावं लागतं, आणि करता येतं.

पायरी १: आकडे बाजूला ठेवून प्रश्न वाचा

कच्च्या कामाच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘दिलेलं’, उजवीकडे ‘काढायचं’. आधी उजवी बाजू भरा. मग डावीकडची एकेक गोष्ट घेऊन विचारा, हिचा उजवीकडच्या गोष्टीशी संबंध काय?

एका धनगराकडे २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर धनगराचं वय किती? वाचताना हसू येतं, पण पेपरात असा प्रश्न आला की भलेभले ३६ लिहितात, कारण ३६ हे वय शोभतं. आकडे १२६ आणि १० असते, तर याच मुलांनी वजाबाकी करून ११६ सोडून दिलं असतं आणि भागाकाराकडे वळली असती. चीनमधल्या सिचुआन प्रांतात, शुनछिंग जिल्ह्यात २०१८ साली पाचवीच्या पेपरात हाच प्रश्न जहाजाच्या कप्तानाच्या नावाने आला होता आणि त्यावर जगभर चर्चा झाली. मुलं डोळसपणे विचार करतात का ते पाहण्यासाठी तो मुद्दाम घातला होता, असा खुलासा तिथल्या शिक्षण विभागाने केला.

पायरी २: अज्ञात किती, अटी किती

द्राक्षाचा भाव आपल्याकडे चार किलोच्या पेटीवर बोलला जातो. समजा सोनाका जातीची पेटी २८० रुपये आणि थॉमसन जातीची २०० रुपये. दोन्ही मिळून ६० पेट्या गेल्या. एकूण किती रुपये आले?

सोनाकाच्या पेट्या क्ष, थॉमसनच्या य. अज्ञात दोन, अट एकच: क्ष + य = ६०. एका अटीवर दोन अज्ञात ठरत नाहीत. एकूण रक्कम १३,६०० रुपये आहे असं सांगितलं असतं, तर दुसरी अट मिळाली असती: २८०क्ष + २००य = १३,६००. मग सगळ्या पेट्या थॉमसनच्या धरून १२,००० रुपये काढा. वरचे १,६०० रुपये दर पेटीमागे ८० च्या फरकाने आले, म्हणजे सोनाकाच्या २० पेट्या आणि थॉमसनच्या ४०.

रक्कम दिलेली नसली, तरी कागद कोरा ठेवायची गरज नाही. सगळ्या पेट्या थॉमसनच्या असतील तर १२,००० रुपये, सगळ्या सोनाकाच्या असतील तर १६,८००. खरी रक्कम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि १२,००० वर ती ८० च्या पटीतच वाढणार. व्यवहारात एवढी माहितीसुद्धा पुष्कळ असते. कुणी १७,५०० ची विक्रीची पट्टी दाखवली, तर काहीतरी चुकलंय हे सांगायला पेट्यांची विभागणी कळावी लागत नाही.

पायरी ३: अटी खरंच वेगळ्या आहेत का

मोजणीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तीन किलो हळद आणि दोन किलो बेदाणा मिळून १,२०० रुपये. सहा किलो हळद आणि चार किलो बेदाणा मिळून २,४०० रुपये. दोघांचे किलोचे भाव काढा.

अज्ञात दोन, अटी दोन, म्हणून जोरात सुरुवात होते आणि चार ओळींनंतर ० = ० हाती येतं. दुसरी अट म्हणजे पहिलीचीच दुप्पट. तीच गोष्ट दोनदा सांगितली म्हणून माहिती वाढत नाही. हळद २०० आणि बेदाणा ३०० चालतं, हळद २४० आणि बेदाणा २४० सुद्धा चालतं. दहावीत दोन समीकरणं सोडवण्याची क्रेमरची पद्धत शिकताना छेदातला निश्चयक आधी काढायला सांगतात तो याचसाठी. इथे तो ३ × ४ − २ × ६ = ० येतो. शून्य आला की पुढे भागाकार करता येत नाही. तिथेच थांबायचं.

आता दुसऱ्या अटीत २,४०० ऐवजी २,३०० लिहा. निश्चयक तसाच शून्य, पण आता एकही उत्तर नाही, कारण दोन्ही अटी एकमेकींना खोट्या पाडतात. दुकानात जास्त मालावर सूट मिळाली असेल, तर दोन्ही बिलं खरी असू शकतात. मात्र मग भाव एकच आहे हे आपण धरलेलं गृहीत खोटं ठरतं. म्हणजे ० = ० आलं तर माहिती कमी पडतेय आणि ० = १०० आलं तर माहितीतच भांडण आहे. दोन्हींना सरसकट ‘उत्तर नाही’ म्हणू नका. पहिल्यात उत्तरं अनंत आहेत.

तीन अटी असल्या की पुनरावृत्ती लवकर दिसत नाही. अ आणि ब यांच्या वयांची बेरीज ५०, ब आणि क यांची ६०, आणि अ, क व ब ची दुप्पट मिळून ११०. तिसरी ओळ म्हणजे पहिल्या दोनची बेरीज. अशी शंका आली तर दिलेल्या अटींची बेरीज-वजाबाकी करून दुसरी एखादी अट तयार होते का, ते पाहा.

पायरी ४: दोन वेगळी उत्तरं उभी करा

हीच या सगळ्याची किल्ली आहे. दिलेल्या सगळ्या अटी पाळणाऱ्या दोन परिस्थिती रचा, आणि त्यांत विचारलेलं उत्तर वेगवेगळं यायला हवं. तशा सापडल्या की माहिती अपुरी आहे हे सिद्ध झालं. यावर वाद घालता येत नाही.

दहावी अ ची सरासरी ६० गुण, ब ची ७०. दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी? घाईत ६५ लिहिलं जातं. पहिली परिस्थिती: दोन्हीकडे ५०-५० मुलं, सरासरी ६५. दुसरी: अ मध्ये ४०, ब मध्ये ६०. एकूण गुण २,४०० + ४,२०० = ६,६००, सरासरी ६६. झालं. तुकड्यांतल्या मुलांची संख्या दिल्याशिवाय एवढंच म्हणता येतं की, उत्तर ६० आणि ७० च्या मध्ये आहे.

पण याची उलट बाजू विसरू नका. दोन परिस्थितींत उत्तर सारखंच आलं म्हणजे माहिती पुरेशी आहे, असं मात्र नाही. कदाचित तिसऱ्यात ते बदलेल. पुरेशी आहे हे सिद्ध करायचं तर आकड्याऐवजी अक्षर ठेवून उत्तर काढावं लागतं आणि ते अक्षर शेवटी गळून पडतंय हे दाखवावं लागतं.

पायरी ५: ‘अपुरी’ म्हणायची घाई नको

सांगलीहून जतला जाताना गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर, परत येताना त्याच रस्त्याने ताशी ६०. पूर्ण फेरीचा सरासरी वेग किती? अंतर दिलेलं नाही, म्हणून पुष्कळ जण इथे हात टेकतात. अंतर द धरा. वेळ द/४० + द/६० = द/२४ तास. एकूण अंतर २द. भागलं की द जातो आणि ताशी ४८ किलोमीटर उरतात. अंतराची गरज नव्हती. (५० लिहिणारे अर्थातच जास्त सापडतात.)

याहून सुंदर उदाहरण गोल विहिरीच्या कठड्याचं. आतलं वर्तुळ आणि बाहेरचं वर्तुळ, दोघांचा केंद्र एक. बाहेरच्या वर्तुळाची एक जीवा आतल्या वर्तुळाला जेमतेम स्पर्श करते आणि ती १४ फूट आहे. कठड्याच्या माथ्याचं क्षेत्रफळ? एकही त्रिज्या दिलेली नाही! तरीही केंद्रापासून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. पायथागोरस लावला की मोठ्या त्रिज्येच्या वर्गातून छोट्या त्रिज्येचा वर्ग वजा केल्यावर ७ चा वर्ग मिळतो, आणि क्षेत्रफळाला नेमकी तीच वजाबाकी लागते. २२/७ × ४९ = १५४ चौरस फूट. दोन्ही त्रिज्या शेवटपर्यंत कळत नाहीत आणि कळायची गरजही नाही. सगळे अज्ञात सापडलेच पाहिजेत असं नसतं. विचारलेली गोष्ट ठरली की काम झालं.

तिसरी पळवाट म्हणजे न लिहिलेली अट. भडंगाची छोटी पुडी ३५ रुपये, मोठी ६० रुपये, बिल ३५५ रुपये. किती छोट्या, किती मोठ्या? अज्ञात दोन, समीकरण एक. पण पुड्या अर्ध्या विकत नाहीत. ५ ने भागून ७क्ष + १२य = ७१. य ला ० पासून ५ पर्यंत किमती देऊन पाहा. फक्त य = ३ असताना क्ष पूर्ण येतो, ५. उत्तर एकमेव. बिल ७७५ असतं, तर मात्र १७ छोट्या नि ३ मोठ्या किंवा ५ छोट्या नि १० मोठ्या, अशी दोन उत्तरं निघाली असती. अशी पूर्णांकी उत्तरं शोधण्याची पद्धत आर्यभटांनी ४९९ मध्येच दिली होती. पुढे तिला कुट्टक हे नाव मिळालं. म्हणून माणसं, पेट्या, पुड्या, नाणी अशा मोजायच्या वस्तू दिसल्या की ‘पूर्ण संख्या’ ही अट स्वतःहून डावीकडच्या रकान्यात लिहा. तसंच वय ऋण नसतं, आठवड्याचे दिवस सात, एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर: ही माहिती प्रश्नात छापलेली नसते, पण दिलेलीच धरायची असते.

भूमितीत किती मापं लागतात

चौरसाला एक, आयताला दोन, त्रिकोणाला तीन, चौकोनाला पाच, पंचकोनाला सात. पुढे दर बाजूला दोन वाढतात. आठवीत चौकोन रचना शिकताना चार बाजू, चार कोन, दोन कर्ण अशा दहा घटकांतले पाच द्यावे लागतात ते यामुळेच. शेताचे चार बांध म्हणजे चारच मापं. एक कमी.

नुसती संख्या मात्र पुरत नाही, मापं कोणती हेही पाहावं लागतं. त्रिकोणाचे तिन्ही कोन दिले तर आकार ठरतो, माप ठरत नाही. कोकोको (कोन-कोन-कोन) ही समरूपतेची कसोटी आहे, एकरूपतेची नव्हे, ती म्हणूनच. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला तर बाकोबा (बाजू-कोन-बाजू), काम फत्ते. पण कोन मधला नसेल तर? कोन ३०°, त्याला लागून असलेली बाजू १० सेंमी, समोरची बाजू ६ सेंमी. कंपास ६ सेंमी उघडून कंस मारा. तो समोरच्या किरणाला दोन ठिकाणी छेदतो आणि तिसरी बाजू ५.३ किंवा १२ सेंमीच्या जवळपास येते. समोरची बाजू ५ सेंमी केली तर कंस किरणाला नुसता स्पर्श करतो आणि एकच काटकोन त्रिकोण मिळतो. ४ सेंमी केली तर कंस पोहोचतच नाही. हे वाचण्यापेक्षा वहीत काढून पाहा. दहा मिनिटांत जे समजतं ते पाठांतराने वर्षभर समजत नाही.

शेतावर परत येऊ. पाचवं माप म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत टेप धरून एक कर्ण मोजा. तो शेताच्या आतूनच गेला पाहिजे. एखादा कोपरा आत दबलेला असेल तर दुसरा कर्ण घ्या. शेताचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येकाच्या तिन्ही बाजू माहीत असल्यामुळे हेरॉनचं सूत्र लागतं. ५०, ५० आणि ६० चा त्रिकोण: अर्धपरिमिती ८०, तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ३०, ३० आणि २०, मग ८० × ३० × ३० × २० = १४,४०,०००, त्याचं वर्गमूळ १,२००. असे दोन, म्हणून २,४०० चौरस मीटर. समोरासमोरच्या बांधांच्या सरासरी काढून गुणायची जी रीत गावोगाव चालते, ती काटकोनी आयत सोडला तर नेहमी जास्तच क्षेत्र दाखवते, कधीही कमी नाही. विकणाऱ्याला ती आवडते यात नवल नाही. (घरच्या टेपचं माप अंदाजासाठी. हद्दीचा वाद असेल तर सरकारी मोजणीच लागते.)

पुस्तकाबाहेरचं एक उदाहरण

पावसाळ्यात सांगली-साताऱ्यात रोज ऐकू येणारा प्रश्न: कोयनेत ५०,००० क्युसेकने पाणी येतंय, धरण किती दिवसांत भरेल? क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एवढ्यावर उत्तर निघत नाही. आजचा साठा हवा आणि विसर्ग हवा.

साठा ८५.२५ टीएमसी आहे असं धरा. म्हणजे २० टीएमसी जागा आहे. विसर्ग शून्य असेल तर ४ लाख सेकंद, सुमारे ४ दिवस १५ तास. विसर्ग १०,००० क्युसेक असेल तर निव्वळ आवक ४०,००० आणि वेळ ५ लाख सेकंद, सुमारे ५ दिवस १९ तास. विसर्गही ५०,००० असेल तर धरण कधीच भरणार नाही. शिवाय आवक इतके दिवस तशीच राहील, हे आपण मनाने धरलंय. ते उत्तरात लिहायचं.

याच कारणाने नुसता कोयनेचा विसर्ग ऐकून सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला किती वाजता पोहोचेल, ते सांगता येत नाही. वारणेचं पाणी, मधल्या भागातला पाऊस, खालच्या अलमट्टी धरणाकडची स्थिती, सगळेच अज्ञात त्यात असतात.

बँकेच्या परीक्षेतले ‘माहिती पुरेशी आहे का’ प्रश्न

इथे उत्तर काढायचं नसतं, निघेल का एवढंच सांगायचं असतं. पहिलं विधान एकटं तपासा. मग ते हाताने झाकून दुसरं एकटं तपासा. दोन्ही एकटी अपुरी ठरली तरच एकत्र करा. पहिल्याची माहिती दुसऱ्यात नकळत वापरणं ही इथली नेहमीची चूक.

दुसरी चूक ‘नाही’ या उत्तराबद्दल. प्रश्न: क ही सम संख्या आहे का? ‘क ला ३ ने नि:शेष भाग जातो’ हे अपुरं, कारण ६ आणि ९ दोन्ही चालतात. ‘क ला १२ ने नि:शेष भाग जातो’ हे पुरेसं. ‘क ही २ पेक्षा मोठी मूळ संख्या आहे’ हेसुद्धा पुरेसं! उत्तर ठाम ‘नाही’ आहे आणि ठाम असणं एवढंच लागतं. तिसरी चूक वर्गाची: क चा वर्ग ४९ म्हणजे क सात, असं नव्हे. उणे सातही असतो.

उत्तरपत्रिकेत काय लिहायचं

नुसतं ‘माहिती अपुरी’ लिहून पुढे जाऊ नका. आधी प्रश्न पुन्हा वाचा. आकृतीत काटकोनाची खूण किंवा समांतर बाणाचं चिन्ह दिलेलं असतं आणि नजरेतून सुटतं. ‘अपुरी’ वाटलेली बरीचशी उदाहरणं तिथेच सुटतात. तरीही खात्री झाली तर साधारण असं लिहा:

‘चौकोनाच्या चारही बाजू ५० मीटर दिल्या आहेत, कोन किंवा कर्ण दिलेला नाही. कर्ण ६० व ८० मीटर असल्यास क्षेत्रफळ २,४०० चौ.मी., कर्ण २८ व ९६ मीटर असल्यास १,३४४ चौ.मी. दोन्ही आकृत्या दिलेल्या अटी पूर्ण करतात, म्हणून क्षेत्रफळ निश्चित करता येत नाही. ते २,५०० चौ.मी. पेक्षा जास्त असणार नाही. चौकोन हा चौरस आहे असे गृहीत धरल्यास क्षेत्रफळ २,५०० चौ.मी.’

चार-पाच ओळी पुरतात. पेपर काढणाऱ्याच्या मनात चौरसच असेल, तर त्याचं उत्तरही शेवटच्या वाक्यात आलेलं आहे.